भट्टी, चिमणी आणि गाडी

खापरखेड्याला रेल्वेने येणाऱ्या नवख्या माणसाला गाव कुठलं, हे विचारावं लागत नाही. इतवारीहून निघालेली गाडी कोराडीच्या पुढे सरकली की औष्णिक केंद्राच्या चिमण्या खिडकीत येतात आणि उतरेपर्यंत तिथून हलत नाहीत. २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० चा एक, मिळून १३४० मेगावॉट. पहिला संच १९८९ चा. हे सरकारी आकडे झाले. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांकडे या केंद्राचा वेगळा हिशेब असतो.

जपानात हिरोशिमापासून रेल्वेने पाऊण तासाच्या आत साइजो नावाचं स्टेशन येतं. तिथेही गाव ओळखतात ते चिमण्यांवरूनच. मात्र त्या लाल विटांच्या, चौकोनी, आपल्या चिमण्यांपुढे अगदी ठेंगण्या. प्रत्येकीवर उभ्या अक्षरांत एकेका घराण्याचं नाव लिहिलेलं. तांदूळ वाफवायला पूर्वी कोळसा जाळत, त्याचा धूर या चिमण्यांतून जाई. तांदूळ कशासाठी वाफवायचा, तर साके करण्यासाठी. स्टेशनाबाहेर पडून दहा मिनिटं चाललं की पांढऱ्या-काळ्या भिंतींच्या गल्लीत सात कारखाने लागतात. हाकुबोतान हा त्यांतला सगळ्यात जुना, १६७५ चा. बऱ्याच कारखान्यांच्या दारात विहिरीचं पाणी वाहतं ठेवलेलं असतं आणि गावातली माणसं चहासाठी, भातासाठी ते कॅन भरभरून घरी नेतात. दारूच्या कारखान्यातून पाणी भरून आणतो असं आपल्याकडे कोणी सांगितलं, तर ऐकणारा आधी हसेल आणि मग कॅन उघडून वास घेईल.

दारू गाळण्याचं ज्ञान आमच्या मुलखातही जुनं आहे. तांदूळ भंडारा-गोंदियात पिकतो, मोहाची झाडं सातपुड्यापासून गडचिरोलीपर्यंत उभी आहेत, आणि रेल्वे तर खापरखेड्याच्या उशाशीच आहे. मग तिथली दारू स्टेशनासमोर आणि इथली नाल्यापलीकडच्या झुडपात, असं का झालं? या प्रकरणात आपण त्याचाच माग काढणार आहोत. त्यासाठी दोन गाड्या धराव्या लागतील, एक तिकडची आणि एक इकडची.

आधी तिकडची.

जपानची पहिली रेल्वे १८७२ मध्ये शिम्बाशी ते योकोहामा धावली. तिचे रूळ १०६७ मिलिमीटरचे, म्हणजे आपल्या १६७६ मिलिमीटरच्या मोठ्या लाइनीपुढे अरुंदच. बुलेट ट्रेनचा मार्ग वेगळा आणि रुंद आहे, पण गावोगावच्या गाड्या आजही बहुतांशी त्याच अरुंद रुळांवर पळतात. सान्यो मार्ग १८९४ मध्ये हिरोशिमापर्यंत पोचला आणि वाटेत साइजोला स्टेशन मिळालं. साइजो हे जुन्या राजरस्त्यावरचं मुक्कामाचं गाव. सरदार-दरकदारांचे लवाजमे तिथे रात्र काढत. गाडी आली आणि गावातली दारू पिंपांनी बाहेर जाऊ लागली. दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, याच गावच्या साताके रिइची याने तांदूळ सडायची यांत्रिक गिरण बनवली. साताके हे नाव आपल्याकडच्या राइस मिलवाल्यांना अनोळखी नाही. तांदूळ निवडायच्या त्यांच्या यंत्रांची जाहिरात पूर्व विदर्भातही दिसते.

सडण्याला इतकं महत्त्व का, हे समजून घेण्यासारखं आहे. तांदळाच्या दाण्यात बाहेरच्या बाजूला स्निग्धांश आणि प्रथिनं जास्त, तर पिठूळ गाभा आत असतो. बाहेरचा भाग राहिला की दारूला जडपणा येतो. म्हणून दाणा घासत घासत लहान करतात. ‘गिंजो’ म्हणवून घ्यायचं तर दाण्याचा जास्तीत जास्त ६० टक्के भाग शिल्लक ठेवायचा. ‘दाइगिंजो’साठी ५० टक्के किंवा त्याहून कमी. निम्मा तांदूळ कोंड्यात घालवणं आपल्या आजीला सांगितलं असतं, तर तिने सूप उगारलं असतं.

घासलेला तांदूळ धुवायचा, भिजवायचा, वाफवायचा. मग खरी कारागिरी सुरू होते. वाफवलेल्या भातातला थोडा वेगळा काढून उबदार खोलीत पसरतात आणि त्यावर कोजी नावाच्या बुरशीची पूड भुरभुरतात. दोन दिवसांत दाण्यादाण्यावर पांढरी लव धरते. ही बुरशी तांदळातल्या पिठाची साखर करते. द्राक्षात साखर आधीच असते, म्हणून वाइन करणं तुलनेने सोपं. तांदळात ती नसते, म्हणून हा खटाटोप. मग त्याच टाकीत एकीकडे कोजी साखर करत राहते आणि दुसरीकडे यीस्ट ती साखर खाऊन मद्यार्क करत राहतं. दोन्ही कामं एकाच भांड्यात, एकाच वेळी. भात, कोजी आणि पाणी एकदम न घालता तीन हप्त्यांत घालतात, म्हणजे यीस्ट दमत नाही. तीन-चार आठवड्यांत मद्यार्क वीस टक्क्यांच्या जवळ पोचतो. साके गाळलेली नसते, ती आंबवलेलीच असते. झारखंड-ओडिशातली हंडिया ही तिची दूरची बहीण म्हणता येईल. आपल्या मोहाच्या दारूचं नातं लावायचं तर ते दक्षिण जपानातल्या, ऊर्ध्वपातन केलेल्या शोचूशी लावायला हवं.

पाण्याची गोष्टही इथेच सांगतो. कोबेजवळच्या नादा भागातलं पाणी खनिजांनी भरलेलं, त्यामुळे यीस्टला जोर चढतो आणि तिथली दारू पूर्वापार गाजलेली. हिरोशिमाचं पाणी मऊ, त्यात आंबवण रेंगाळायचं, बिघडायचं. मिउरा सेन्झाबुरो नावाच्या कारागिराने कोजी दाण्याच्या आतपर्यंत मुरू द्यायची आणि थंडाव्यात, सावकाश आंबवायचं, अशी रीत बसवली आणि १८९८ मध्ये ती छापून सगळ्यांना खुली केली. १९०७ च्या राष्ट्रीय स्पर्धेत हिरोशिमाच्या दारूंनी वरचे क्रमांक घेतले. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने पातेल्यावर पांढरा थर बसतो म्हणून आपण कुरकुरतो. नादाच्या लोकांनी तशाच पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या नाव कमावलं.

साइजो एका दुपारीत पाहून होतं. इतिहास आणि साके एकत्र पाहायचं तर क्योतोच्या दक्षिणेला फुशिमी गाठावं. केइहान मार्गावर चुशोजिमा स्टेशनात उतरलं की थोड्याच अंतरावर तेरादाया ही खानावळ-धर्मशाळा आहे. शोगुनशाही उलथवण्याच्या खटपटीत असलेल्या साकामोतो र्‍योमावर १८६६ मध्ये तिथे रात्री हल्ला झाला आणि तो निसटला. तिथून कालव्याच्या काठाने गेलं की गेक्केइकानचं संग्रहालय. हे घराणं १६३७ पासून या धंद्यात आहे. या घराण्याची एक गोष्ट आपल्या विषयाला नेमकी लागू पडते. १९१० मध्ये त्यांनी एक लहान बाटली काढली. तिच्या टोपणाचाच पेला व्हायचा. ती विकली जायची रेल्वे स्टेशनांवर, गाडीत बसून घोट घेणाऱ्यांसाठी. त्या काळी साके मुख्यतः लाकडी पिंपातून मापून मिळे, त्यात वाटेत पाणी घातलं जाई. सीलबंद बाटली आणि रेल्वेचा फलाट, या दोहोंनी मिळून गिऱ्हाइकाचा भरवसा कमावला. पुढे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या सुमारास दुसऱ्या एका कंपनीने काचेच्या पेल्यातच बंद केलेली साके आणली, तीही स्टेशनवरच्या टपऱ्यांतून घराघरांत पोचली.

आता तर नीगाता प्रांतात खास साकेसाठीच एक गाडी धावते, ‘कोशिनो शुकुरा’. २०१४ पासून ती जपानी समुद्राच्या कडेने जाते, आत उभ्या टेबलांशी स्थानिक कारखान्यांची चव घेता येते. नीगाता आणि एचिगो-युझावा या स्टेशनांत भिंतीभर यंत्रं आहेत. नाणं घालायचं, पेला धरायचा, बटण दाबायचं. आपल्याकडे वजनाच्या काट्यातून भविष्याचं तिकीट पडायचं, त्या थाटात. कारखाना कुठला, हे ओळखायला दारावर देवदाराच्या डहाळ्यांचा मोठा चेंडू टांगलेला असतो, सुगिदामा. नवी दारू तयार झाली की हिरवागार चेंडू लावतात. तो वाळून तपकिरी होईपर्यंत आतली दारू मुरलेली असते.

आता इकडची गाडी.

नागपूर-छिंदवाडा ही अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची लाइन. बंगाल-नागपूर रेल्वेने सातपुड्यात जे छोट्या गाड्यांचं जाळं विणलं, त्यातली ही फांदी १९१३ च्या सुमारास पुरी झाली. इतवारी, कोराडी, खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर, केळवद. मग राज्याची सीमा, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, आणि तिथून घाट चढून भिमालगोंदी, उमरानाला, छिंदवाडा. जवळपास १५० किलोमीटर. २०१५ च्या अखेरीस छोटी गाडी थांबली आणि रूळ उखडून मोठी लाइन टाकली. छोट्या गाडीची इंजिनं आणि डबे पाहायचे तर आता नागपुरात मोतीबागेतल्या संग्रहालयात जावं लागतं. ते २००२ मध्ये उघडलं. तिथे लाकडी बाकावर बसून पाहा. समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत. अनोळखी माणसांनी बोलायला सुरुवात करावी म्हणूनच हा डबा बनवला होता की काय, असं वाटतं.

या वाटेवर इतिहास भरपूर आहे, फक्त तो फलाटाला लागून नाही. सावनेरला उतरून रस्त्याने आदासाचा गणपती आणि धापेवाड्याचा विठोबा करता येतो. धापेवाड्याच्या नदीलाही चंद्रभागाच म्हणतात. सौंसरजवळ जामसावळीचा निजलेला मारुती. सौंसर सरकारी नकाशावर मध्य प्रदेशात असलं, तरी बाजारात कान दिला की मराठीच ऐकू येते. आणि सगळ्यांत मोठं ठिकाण म्हणजे छिंदवाड्याच्या मोहखेड तालुक्यातला देवगडचा किल्ला. गोंड राजा जाटबा याचं नाव अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत आलं आहे, तो इथला. १७०२ मध्ये नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह हाही याच देवगडच्या गादीचा. म्हणजे नागपूरकराने आपल्या शहराचं मूळ शोधायचं म्हटलं, तर खापरखेड्यावरून याच गाडीत बसायला हवं. तालुक्याच्या नावात मोह ऐकू येतो, त्याची व्युत्पत्ती मी सांगणार नाही. पण त्या राज्याच्या माणसांचं झाड तेच होतं.

मोहाचं झाड माघ-फाल्गुनात पानं टाकतं आणि पानांआधी फुलतं. फुलं रात्री उमलतात आणि पहाटेपासून टपटप गळतात. फूल म्हणजे पाकळ्यांचा पसारा नव्हे; मलईच्या रंगाची, बोराएवढी, गरदार कुपी. दाताखाली धरली की गोड रस आणि मागाहून एक उग्र, कुबट वास. वेचणाऱ्या बायका-पोरी उजाडायच्या आत झाडाखाली पोचतात, कारण उशीर झाला तर हरणं आणि अस्वलं आटपून गेलेली असतात. फुलं स्वच्छ मिळावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधी जाळतात. तीच आग पसरून रानाला लागते, आणि वनखात्याचं दर उन्हाळ्यातलं गाऱ्हाणं तिथून सुरू होतं. वेचलेली फुलं अंगणात वाळवली की मनुकांसारखी तांबूस होतात. वाळल्यावर त्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. या साखरेसाठी कोजी लागत नाही, गिरण लागत नाही. ती झाडानेच करून ठेवलेली असते.

म्हणून मोहाची कृती साकेपुढे अगदी सरळ वाटते. वाळलेली फुलं पाण्यात भिजत घालायची. उन्हाळ्यात चार-सहा दिवसांत ती फसफसतात. याला आमच्याकडे सडवा म्हणतात. हा शब्द आता स्वयंपाकघरापेक्षा पोलिसांच्या बातमीत जास्त सापडतो, ‘इतके लिटर सडवा नष्ट’. सडवा मडक्यात घालून चुलीवर चढवायचा, त्यावर बुडाला भोकं असलेलं दुसरं मडकं, त्यात एक लहान भांडं, आणि सगळ्यांवर गार पाण्याने भरलेली परात. सांधे ओल्या मातीने लिंपायचे. वाफ वर चढते, गार परातीच्या बुडाला लागते आणि थेंब थेंब आतल्या भांड्यात पडते. परातीतलं पाणी कोमट झालं की बदलायचं. पहिल्या धारेची सगळ्यांत जहाल, पुढची सौम्य. जाळ मोठा झाला की दारू करपते, सांधा निसटला की वाफ निघून जाते. मडक्यावर कान ठेवून आतला आवाज ऐकणाऱ्या म्हाताऱ्या बाईला हे सगळं मापाशिवाय कळतं. साकेच्या कारखान्यांत बायकांना जुन्या काळी पाऊल टाकू देत नसत. मोहाच्या चुलीपाशी मात्र बऱ्याच घरांत त्यांचाच हात असे.

मग वाटा कुठे फुटल्या? मला वाटतं, एकाच दशकात फुटल्या, आणि गंमत अशी की सुरुवात दोन्हीकडे सारखीच होती. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा केला आणि १८९२ च्या मोहाच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलं गोळा करणं, बाळगणं यांवरच बंदी आणली. झाडाचं फूल वेचणं गुन्हा ठरला. कारण नीतीचं नव्हतं, वसुलीचं होतं. घरी गाळणाऱ्याकडून कर मिळत नाही. आमच्या मध्य प्रांतात भट्ट्यांचे लिलाव होत. जो जास्त बोली लावेल, त्याला एका भागात गाळायचा आणि विकायचा मक्ता. मक्तेदाराला मक्ता संपायच्या आत पैसे वसूल करायचे असत, दारू सुधारण्यात त्याला काय रस? पुढे १९१५ च्या अबकारी कायद्याने चौकट पक्की केली.

जपान सरकारनेही १८९९ मध्ये घरी दारू करण्यावर बंदी घातली, तीही पैशासाठीच. सैन्य आणि आरमार पोसायचं होतं, आणि विसाव्या शतकाच्या तोंडाशी सरकारच्या करांत जवळपास तिसरा हिस्सा एकट्या दारूवरच्या कराचा होता. शेतकऱ्यांची घरगुती गढूळ दारू, दोबुरोकु, तिथेही लपूनछपून होऊ लागली, तिथेही छापे पडले. फरक पडला तो पुढे. गावोगावचे परवानाधारक कारखाने जपानने मोडले नाहीत. पैसा त्यांच्याकडूनच यायचा, तर त्यांची दारू बिघडता कामा नये, या हिशेबाने सरकारने १९०४ मध्ये दारूवर संशोधन करणारी संस्था काढली. १९११ पासून नव्या दारूची राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. ती संस्था १९९५ पासून साइजोच्या आसपासच, हिगाशी-हिरोशिमात आहे. तिथे करवसुली करणाऱ्यानेच कारागिराला सूक्ष्मदर्शक दिला. इथे त्याने कारागिराचं मडकं फोडलं. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने कोजी वापरून साके करण्याची विद्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा त्यामागे हे सव्वाशे वर्षांचं बस्तान होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर हे प्रकरण दारूची आरती होऊन बसेल. आमच्या भागात ‘भट्टी’ म्हटलं की सरकारमान्य देशी दारूचं दुकान डोळ्यांपुढे येतं, आणि कोळसा खाणीतला किंवा केंद्रावरचा कंत्राटी कामगार पगाराच्या दिवशी तिथून कसा घरी जातो, हे इथल्या बायकांना विचारावं. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती गावोगावच्या लोकांनी, त्यात बायकांनी, मागून घेतली म्हणून. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली, त्यावरून आजही भांडणं आहेत. आणि हातभट्टीच्या नावाखाली जे विकलं जातं, त्यात मोहापेक्षा गूळ-नवसागर जास्त. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत शंभराहून अधिक माणसं मेली ती मिथेनॉलने, मोहाने नव्हे. पण एकदा सगळंच झुडपात ढकललं की चांगलं कुठलं आणि विष कुठलं, हे सांगणारा माणूस उरत नाही.

अलीकडे गोष्टी थोड्या हलल्या आहेत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलांच्या संकलनावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले. मध्य प्रदेशने आदिवासींना घरच्यापुरती मोहाची काढायची मुभा आधीपासूनच दिलेली होती. आता तिथे आदिवासी बचत गटांकडून ‘हेरिटेज’ म्हणून रीतसर बाटलीबंद दारू निघते, अलीराजपूरची ‘मोंड’ आणि दिंडोरीची ‘मोहुलो’. गोव्याच्या काजूफेणीला भौगोलिक निर्देशांक २००९ मध्येच मिळाला. नाशिकला तर लोक मुंबईहून गाडीने जाऊन द्राक्षमळ्यात बसून वाइन चाखून येतात. फूल तेच, झाड तेच. केळवद ओलांडून लोधीखेड्यात पाऊल टाकलं की कायद्याची भाषा बदलते. फुलाला मात्र राज्य कळत नाही, ते सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखंच गळतं.

मार्चमधल्या एका सकाळी मी छिंदवाड्याहून परतत होतो. भिमालगोंदीनंतर गाडी घाट उतरू लागली. रुळांच्या कडेला, मोहाखाली, काळी झाडून काढलेली जमीन दिसे. तिच्यावर पिवळट थर आणि वाकलेली दोन-तीन डोकी. गाडीकडे कोणी वर पाहत नव्हतं. रामाकोन्याला एक म्हातारा पाठीवरचं पोतं घेऊन चढला आणि माझ्या समोर बसला. पोतं गुडघ्यांत. दारातून वारा आला तसा डबाभर वास पसरला. गोड आणि कुबट, चुकण्यासारखा नव्हताच.

“मोहफुलं काय, बाबाजी?”

“हो जी.”

“कशाले नेता?”

म्हाताऱ्याने डब्यात एकदा मागे-पुढे पाहिलं, पोत्याचं तोंड आणखी आवळलं आणि म्हणाला, “बैलाले लागते जी.”

शेजारचे दोघे हसले. तोही हसला. खापरखेडा येईपर्यंत आम्ही बैलांविषयीच बोलत होतो.